अहवालातील आकडा आणि रक्तातील वारसा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या, नव्या यंत्रसामग्रीची खरेदी हा सर्व तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. त्याची येथे पुनरुक्ती करून आपला अमूल्य वेळ घेण्याचा आमचा मानस नाही. आज एका देणगीविषयी आणि त्या देणगीने आम्हाला विचारावयास लावलेल्या एका प्रश्नाविषयी चार शब्द आपणापुढे ठेवावेत, अशी अध्यक्ष महोदयांनी आज्ञा केली आहे.

गतवर्षी जिल्ह्यातील एका प्रतिष्ठित कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ एक मोठी रक्कम देण्याची इच्छा प्रकट केली. वडिलांचे निधन प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने झाले होते. निदान झाले तेव्हा आजार हाडांपर्यंत पोहोचलेला होता. जे दुःख आपल्या घराच्या वाट्याला आले ते इतरांच्या वाट्याला येऊ नये, या उदात्त भावनेने त्यांनी सुचविले, की गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत शिबिरे भरवून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाच्या रक्ताची पी.एस.ए. चाचणी विनामूल्य करावी. विश्वस्त मंडळाने यावर आमचा अभिप्राय मागितला.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. देणगी मोठी, हेतू निर्मळ, चाचणी सोपी, तेव्हा होकार देण्यास विलंब कशाला, असेच आम्हास प्रथम वाटले. तथापि आपल्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक व प्रयोगशाळेचे प्रमुख यांच्यासमवेत काही बैठका झाल्या आणि आमचे मत बदलले. ते का बदलले, हे देणगीदारांना आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

चार या आकड्याची गोष्ट

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. पी.एस.ए. हे तिच्यात तयार होणारे एक प्रथिन असून वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. त्यातील अत्यल्प अंश रक्तात झिरपतो. ग्रंथीत कर्करोग झाल्यास हे झिरपणे वाढते. परंतु वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला सूज आली, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला किंवा नुकतीच नळी घातलेली असली, तरीही ते वाढते. उलट ग्रंथीच्या वाढीवर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड या औषधाने हा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे आकडा ग्रंथीचा आहे, केवळ कर्करोगाचा नव्हे.

सन १९८६ मध्ये अमेरिकेत ही चाचणी प्रथम मान्य झाली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. आजार शोधण्यासाठी तिला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. मिलिलिटरमागे चार नॅनोग्रॅम ही सीमा तेव्हापासून जगभर रूढ झाली. चारच्या आत असलेला निर्धास्त आणि चारच्या वर असलेला संशयित, अशी जणू एक रेघ आखली गेली.

ही रेघ किती पुसट आहे, ते पुढे कळले. चार ते दहा यांच्या दरम्यान आकडा असलेल्या चार पुरुषांचे तुकडे तपासले, तर साधारणपणे तिघांत कर्करोग सापडत नाही. दुसरीकडे, सन २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पी.एस.ए. चारच्या वर कधीच न गेलेल्या २,९५० पुरुषांची तुकडा तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांतील १५.२ टक्के पुरुषांत कर्करोग आढळला. त्यांपैकी पुष्कळांचा कर्करोग मंद गतीचा होता, हे खरे. परंतु आत-बाहेरचा हा हिशेब जुळत नाही, हे त्याहूनही खरे.

सिकलसेलने शिकविलेला धडा

एकाच आकड्याचा अर्थ दोन देहांत वेगळा कसा होतो, हे समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या पूर्व विदर्भाला सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नागपूर परिसरातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच वैद्यकीय वाङ्मयात झाली होती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला, हेही आपण जाणताच. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल आजारी होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक राहते आणि बहुधा सामान्य आयुष्य जगते. एवढे ज्ञान आज आपल्या गावोगावच्या आशाताईही सहजपणे समजावून सांगतात.

परंतु याच वारशाची एक दुसरी बाजू आहे. मधुमेहासाठी आपण ‘तीन महिन्यांची सरासरी साखर’ म्हणून जी चाचणी करतो, ती लाल पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे मोजते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी त्यापूर्वीच, कित्येकदा दोन-तीन आठवड्यांतच नष्ट होते. साखर चिकटण्यास तिला पुरेसा अवधीच मिळत नाही, म्हणून अशा रुग्णात ही चाचणी विश्वासार्ह राहत नाही. वाहकांतही थोडा फरक पडतो. सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन वाहकांमध्ये, रक्तातील साखर तेवढीच असताना, हा आकडा सरासरीने ०.३ ने कमी दिसला.

०.३ म्हणजे काय मोठेसे, असे आम्हालाही वाटले होते. देवरी तालुक्यातील एका धान उत्पादक शेतकऱ्याचा अहवाल दोनदा ६.३ आला. मधुमेहाची सीमा ६.५. ‘सीमेच्या आत’ म्हणून ते घरी गेले. पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर तपासली आणि मधुमेह निश्चित झाला. ते सिकलसेलचे वाहक असल्याचे घरात सर्वांना ठाऊक होते. आमच्या प्रयोगशाळेच्या फॉर्मवर मात्र तसे विचारणारा रकानाच नव्हता.

हे सारे त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी काढलेले उद्गार आमच्या स्मरणात राहिले आहेत. ते म्हणाले, “साहेब, आमच्या बांध्यांचंही असंच आहे. वरच्या बांधीत घोटाभर पाणी पुष्कळ होतं, खालच्या बांधीत गुडघाभर नेहमीचंच असतं. कोणती बांधी ते पाहिल्याशिवाय नुसतं पाणी मोजून काय कळणार?”

वारशाचा वाटा

पी.एस.ए.चेही तसेच आहे. जुळ्या भावांच्या अभ्यासावरून सन २००० मध्ये असे अनुमान निघाले, की पुरुषापुरुषांतील पी.एस.ए.च्या फरकापैकी सुमारे ४५ टक्के फरक वारशाने ठरतो. याचा अर्थ नीट घ्यावयास हवा. एखाद्याच्या अहवालातील आकड्याचा ४५ टक्के भाग वडिलांकडून आला, असा तो नाही. शंभर पुरुषांचे आकडे एकमेकांहून वेगळे का आहेत, याच्या कारणांत वारशाचा वाटा एवढा मोठा आहे, असा तो आहे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येकाच्या खात्याची आरंभीची शिल्लक वेगळी आहे. आपण मात्र सर्वांची अखेरची शिल्लक एकाच मापाने तोलत आलो.

सन २०१० मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी ही आरंभीची शिल्लक ठरविणाऱ्या जनुकीय स्थानांपैकी सहा दाखवून दिली. त्यांतले एक खुद्द पी.एस.ए. तयार करणाऱ्या जनुकाशी, म्हणजे एकोणिसाव्या गुणसूत्रावरील के.एल.के.३ या जनुकाशी निगडित आहे. सन २०२३ मध्ये सुमारे ९५,७०० पुरुषांच्या अभ्यासातून अशा स्थानांची संख्या १२८ वर गेली. या वारशाचा प्रभाव वजा करून पी.एस.ए. वाचला असता, तर अमेरिकेतील एका रुग्णगटात कर्करोग न निघालेल्या तुकडा तपासण्यांपैकी सुमारे ३१ टक्के टाळता आल्या असत्या, असे या संशोधकांनी दाखविले. त्याच वेळी, ज्यांना कर्करोग होता अशांपैकीही सुमारे १२ टक्क्यांची तपासणी टळली असती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले. त्यांतील बहुतेकांचा आजार सौम्य प्रतीचा होता.

मग ही जनुकीय तपासणीच आपण आणावी, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसे विचारले. डॉक्टरांनी आमच्यापुढे एक आकडा ठेवला. सन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे तीन लाख पुरुषांच्या अशाच एका अभ्यासात आशियाई वंशाचे पुरुष चार हजारही नव्हते. युरोपीय वंशाच्या माणसांवर बेतलेले माप झाडीपट्टीतील माणसाला जसेच्या तसे लावणे म्हणजे जुनी चूक नव्या यंत्राने करणे होय. आपल्या देशातील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाची माहिती ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली आहे. त्या मार्गाने आपल्या लोकांसाठीही माप तयार होईल, अशी आशा आहे. तोवर अशा तपासणीवर देणगीदारांचा एक रुपयाही खर्च करणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

आमची चूक

आता एक गोष्ट कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आपणही एका आरोग्य शिबिरात सरसकट पी.एस.ए. तपासला होता. किती चाचण्या केल्या, तो आकडा आम्हीच मोठ्या अभिमानाने वार्षिक अहवालात छापला. ज्यांचा आकडा चारच्या वर होता त्यांच्या अहवालावर संगणकाने ठळक तारा उमटविला. तो तारा पाहून माणसांचे काय झाले, याची नोंद कोणत्याच अहवालात नाही.

त्यांतील आमगाव तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांचा आकडा ५.२ होता. त्यांना लघवीचा संसर्ग झाला होता काय, हे आम्ही विचारले नाही. महिना-दीड महिन्याने चाचणी पुन्हा करावी, हेही सांगितले नाही. मुलाने उसनवारी करून त्यांना मोठ्या शहरात नेले. तुकडा तपासणी झाली, ताप आला, आठ दिवस खाटेवर गेले. कर्करोग नव्हता. ते आम्हाला कधीही रागावून बोलले नाहीत. “तुम्ही चांगल्यासाठीच केलं,” एवढेच म्हणाले. त्या वाक्याने आम्हाला अधिक लाज वाटली.

देणगीदारांशी झालेला संवाद

हे सर्व घेऊन आम्ही देणगीदार कुटुंबाच्या ज्येष्ठ चिरंजीवांना भेटलो. पुढील संवाद त्यांच्या अनुमतीने सांगत आहोत.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला : “बाबांची वेळेवर चाचणी झाली असती तर ते वाचले असते का?”

आम्ही ‘होय’ म्हणू शकलो नाही आणि ‘नाही’ म्हणण्याचाही आम्हास अधिकार नव्हता. सोबत असलेल्या डॉक्टरांनी जे ज्ञात आहे ते सांगितले. युरोपातील सुमारे १,६२,००० पुरुषांच्या अभ्यासाचा तेवीस वर्षांचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पी.एस.ए. तपासणीसाठी बोलाविलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. बोलाविलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. म्हणजे चाचणी निरुपयोगी नाही. मात्र तिच्यामागे पुन्हा तपासणी, तज्ज्ञ, एम.आर.आय. आणि वर्षानुवर्षांची देखरेख उभी हवी. नुसते रक्त काढून नेणाऱ्या शिबिराने ते साधत नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना उलट विचारले, “आपले वय किती? आपण स्वतः कधी तपासून घेतले आहे काय?”

ते गप्प झाले. वय चोपन्न. धाकटे बंधू एकावन्न. दोघांनीही कधी तपासून घेतले नव्हते. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झालेला असल्यास त्या पुरुषाचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. साऱ्या जिल्ह्याच्या चाचणीची व्यवस्था करू पाहणाऱ्या त्या घरात, जिथे चाचणीची सर्वाधिक आवश्यकता होती, तिथेच ती राहून गेली होती. पुढील आठवड्यात दोघे बंधू आले. आधी डॉक्टरांशी बोलले, मग रक्त दिले. निकाल हा त्यांचा खाजगी विषय आहे. परंतु जाताना ज्येष्ठ बंधूंनी सांगितले, “रक्कम तीच राहील. ती कशी खर्चावी, ते तुम्ही ठरवा.”

सभेपुढील प्रस्ताव

या विश्वासास पात्र ठरण्यासाठी विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही पुढील योजना सभेपुढे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, पी.एस.ए. चाचणी सरसकट न करता, ज्यांच्या वडिलांना वा सख्ख्या भावाला हा आजार झाला आहे, ज्यांना लघवीचा त्रास आहे, किंवा जे ५५ ते ६९ या वयात असून डॉक्टरांशी बोलून स्वतः निर्णय घेतात, अशांसाठी ती विनामूल्य राहील. कौटुंबिक इतिहास असलेल्यांनी हा विषय डॉक्टरांकडे पंचेचाळिशीपासूनच काढावा. सत्तरीनंतर तक्रार नसताना ही चाचणी आम्ही सुचविणार नाही. लघवीचा त्रास बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीचा असतो, हेही येथे सांगून ठेवतो. तेव्हा घाबरून किंवा लाजून कोणी घरी बसू नये.

दुसरी गोष्ट, आकडा वाढलेला दिसल्यास संसर्गावर उपचार करून चाचणी पुन्हा केली जाईल. त्यानंतरही शंका राहिल्यास नागपूरला जाण्या-येण्याचा रुग्णाचा व एका नातेवाईकाचा प्रवासखर्च आणि एम.आर.आय.चा खर्च या निधीतून दिला जाईल. चाचणी मोफत आणि पुढचा सारा भार रुग्णावर, ही पद्धत यापुढे राहणार नाही.

तिसरी गोष्ट, प्रयोगशाळेचा फॉर्म आम्ही बदलला आहे. घरात कोणाला कोणता कर्करोग झाला, रुग्ण सिकलसेलचा वाहक आहे काय, कोणती औषधे सुरू आहेत, हे रकाने त्यात आले आहेत. जनुकांची महागडी तपासणी आपल्या आवाक्यात नसली, तरी घराण्याची माहिती विचारण्यास पैसा लागत नाही. सिकलसेलच्या वाहकांची साखर केवळ तीन महिन्यांच्या चाचणीवर न सोडता उपाशीपोटी व जेवणानंतरही तपासली जाईल. अहवालावरील तारा काढून टाकला असून त्या जागी ‘हा आकडा डॉक्टरांना दाखवून समजून घ्यावा’ ही ओळ छापली जाते.

चौथी गोष्ट, निधीचा मोठा हिस्सा तोंडाच्या तपासणीसाठी राहील. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आराखड्यात सार्वत्रिक तपासणीसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग निवडले आहेत. त्यात प्रोस्टेटचा समावेश नाही. याचे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. खर्रा आपल्याकडे पानठेल्यावर मिळतो आणि शाळकरी मुलांच्या खिशातही सापडतो. तोंडातील पांढरा चट्टा पाहण्यास एक विजेरी व एक प्रशिक्षित परिचारिका पुरते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तेव्हा आपले पथक तेथे जाईल. धान कापणीच्या दिवसांत माणसे रुग्णालयात येत नाहीत. मंडईला मात्र सारे गाव लोटते.

देणगीदारांच्या वडिलांचे नाव या संपूर्ण योजनेस राहील.

बंधू-भगिनींनो, पुढील वर्षीच्या अहवालात चाचण्यांचा मोठा आकडा आपणास दिसणार नाही. कदाचित तो पूर्वीपेक्षा लहानच असेल. आपण आमच्याकडे तेवढ्यावरून पाहू नये, ही नम्र विनंती. किती जणांशी बोललो, किती जणांची पुन्हा तपासणी केली, किती जणांना नागपूरपर्यंत पोहोचविले आणि किती जणांची निष्कारण धास्ती दूर केली, हे चार रकाने आम्ही आपणापुढे ठेवू. त्यांचाच जाब आम्हास विचारावा.

आणि आज येथून घरी गेल्यावर एक काम अवश्य करावे. वडील, काका, आजोबा, मामा यांना कोणते आजार झाले होते, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. जमिनीचा सातबारा आपण जपून ठेवतो. देहाचा वारसा मात्र कोठेच लिहिलेला नसतो. पुढच्या भेटीत तो कागद सोबत आणावा. आपल्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.

देणगीदारांचे औदार्य, विश्वस्त मंडळाचे मार्गदर्शन, डॉक्टरांचा संयम आणि आम्हाला न रागावता शिकविणाऱ्या रुग्णांचा मोठेपणा, या सर्वांचे ऋण व्यक्त करून आम्ही हा प्रस्ताव सभेच्या मान्यतेसाठी सादर करतो.